सहीखालची रेघ

सेक्टर आठच्या भाजीच्या बूथवर मी मटारच्या शेंगा निवडत होतो. शेंग दाबून आत किती दाणे आहेत याचा अंदाज घ्यायची मला सवय आहे, त्यामुळे मान खाली होती. आधी मला एक वेणी दिसली, मग फरशीला टेकलेली बोटं दिसली, आणि मग लक्षात आलं की कोणीतरी माझ्या पाया पडतंय. दिल्लीत येऊन मला चार वर्षं झाली. इथे पाया पडायची वेळ आली तर माणसं गुडघ्याच्या दिशेने हात जरासा नेतात आणि मध्येच मागे घेतात. ही बाई थेट जमिनीपर्यंत गेली होती. असं वाकणारं माणूस आमच्याकडचंच, हे मला तिचा चेहरा दिसायच्या आत कळलं आणि माझा उजवा हात आपोआप वर गेला. त्यात शेंग होती. तोंडातूनही आपोआप निघालं, "काय, काम झालं का?" हे वाक्य मी सोळा वर्षांत उच्चारलं नव्हतं. आमदार होतो तेव्हा दिवसातून शंभर वेळा म्हणायचो. समोरचं माणूस ओळखू आलं नाही की हे हमखास चालायचं, कारण आमदारापुढे येणाऱ्याचं काही ना काही काम असतंच. ती बाई उभी राहिली. चाळिशीच्या जवळपासची, गळ्यात ऑफिसचं ओळखपत्र. हसून म्हणाली, "झालं ना साहेब. तुमच्या पत्रानेच झालं."

माझे डोळे भरून आले हे मी कबूल करतो. बूथवरच्या पोराला वाटलं की मला चक्कर येतेय. त्याने 'अंकलजी, बैठ जाओ' म्हणून बटाट्याचं पोतं पुढे सरकवलं. दिल्लीत मी अंकलजी आहे, नाहीतर 'प्रफुल्ल सर के पापा'. माझा मुलगा प्रफुल्ल केंद्र सरकारच्या एका मंत्रालयात उपसचिव आहे, त्याच्या आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टरमध्ये मी आणि माझी बायको चंदा राहतो. सकाळी बागेत तीन फेऱ्या मारतो. बाकावरची रिटायर्ड मंडळी एकमेकांना 'कोणत्या खात्यात होतात' असं विचारतात, आणि मी आमदार होतो म्हटलं की त्यांना ते खातं कळत नाही. एकजण म्हणाला होता, 'अच्छा, तो पेंशन कौन देता है?' दहा वर्षं, दोन टर्म, सावळखेड मतदारसंघ, दोनशे बारा गावं. लग्नसराईत एका दिवसात तेवीस लग्नं मी केली आहेत आणि तेवीस ठिकाणी पंगतीला बसून एकेक घास खाल्ला आहे. मेट्रोत कोणी आधाराला हात वर धरला तरी अजून मी उलट नमस्कार करतो. चंदा तेव्हा माझी बाही ओढते.

पण डोळे भरून यायचं खरं कारण माझी नात होती. श्रावस्ती सातवीत आहे. तिच्या शाळेने एक प्रोजेक्ट दिलं होतं, घरातल्या कोणी लोकांची सेवा केली असेल तर त्यांची मुलाखत घेऊन तक्ता करायचा. खाली मुलाखत देणाऱ्याची सही हवी. पुढच्या सोमवारी द्यायचं होतं. मी खूश होऊन रविवारची अख्खी सकाळ तिला चौदा रस्ते सांगितले, एसटीच्या सात निवाऱ्यांची नावं सांगितली, विधानसभेत विचारलेले तारांकित प्रश्न सांगितले. तिने सगळं मान हलवत लिहून घेतलं आणि मग तिसऱ्या प्रश्नावर आली. 'तुमच्या कामामुळे ज्याचं आयुष्य बदललं अशा एका व्यक्तीचं नाव लिहा.' मी परत रस्त्यांवर गेलो. ती म्हणाली, "आबा, रोड तो रोड है ना. एक माणसाचं नाव सांगा. एकच." मी आठवायला लागलो आणि मला नाव सुचेना. एकही नाही. मी म्हटलं, उद्या सांगतो. उद्याचा परवा झाला, बुधवार उजाडला. पोर रोज शाळेतून आली की विचारायची आणि मी रोज पाणी प्यायला उठायचो. दहा वर्षांच्या कामातून मला आठ दिवसांत एक नाव काढून द्यायचं होतं, आणि ते निघत नव्हतं, याची मला मनापासून लाज वाटत होती.

यात एक गोष्ट बाहेरच्या माणसाला कळणार नाही. ज्याचं काम होतं तो आमदाराकडे परत येत नाही. ज्याचं होत नाही तो परत परत येतो. त्यामुळे आमदाराच्या डोक्यात राहतात ते सगळे न झालेल्या कामांचे चेहरे. एकजण सहा वर्षं बदलीसाठी येत होता, त्याच्या उजव्या भुवईतला तीळसुद्धा मला आठवतो. विधानसभेत आपण प्रश्न विचारला की सरकारकडून छापील उत्तर येतं, त्याचे ठरलेले साचे असतात. 'हे खरे आहे.' 'हे खरे नाही.' 'प्रश्न उद्भवत नाही.' आणि सगळ्यांत लाडका साचा म्हणजे 'हे अंशतः खरे आहे.' आमच्या घरात याची इतकी सवय झाली होती की प्रफुल्ल लहानपणी, दूध प्यायलास का म्हटलं की 'अंशतः खरे आहे' म्हणायचा. मी लोकांची सेवा केली हे खरे आहे काय, असं त्या आठवड्यात मी बागेत फेऱ्या मारताना स्वतःला विचारत होतो, आणि छापील उत्तराची वाट बघत होतो.

तर ही बाई म्हणजे कुमुदिनी. आमच्या तालुक्यातल्या बोरगव्हाणची, इथे एका सरकारी प्रयोगशाळेत पाण्याची तपासणी करते, वैशालीत राहते. आर. के. पुरममध्ये मैत्रिणीकडे आली होती. अकरावीला जिल्ह्याच्या गावी मुलींच्या वसतिगृहात तिला जागा मिळाली ती माझ्या पत्रामुळे. जागा मिळाली म्हणून विज्ञान शाखा मिळाली, म्हणून पुढचं सगळं. हे ती उभ्या उभ्या, पालकाच्या जुड्यांशेजारी सांगत होती आणि मी 'हो, हो, आठवतं ना' म्हणत होतो. हे खरे नव्हते. मला काहीच आठवत नव्हतं. पण मला नाव मिळालं होतं. मी तिथेच, पिशवी खाली ठेवून, मनातल्या मनात तक्त्यावर लिहून टाकलं, कुमुदिनी. तिने रविवारी जेवायला बोलावलं, बाईंनाही घेऊन या म्हणाली, आई आलेली आहे, आणि ते पत्र मी फ्रेम करून ठेवलंय साहेब, ते तुम्ही बघायलाच पाहिजे. घरी येईपर्यंत मी दोन अनोळखी माणसांना नमस्कार केला. मटार विसरलो ते विसरलोच.

पत्र फ्रेम करून ठेवलंय, हे ऐकल्यावर खरं तर मी जरा सावध व्हायला हवं होतं. कारण आमच्या पत्रांचं एक गुपित असतं. आमदाराच्या ओट्यावर सकाळी सातपासून माणसं बसलेली असायची, तीस, चाळीस. प्रत्येकाला पत्र हवं असतं. नाही म्हणता येत नाही. नाही म्हटलेला माणूस गावात जाऊन वीस जणांना सांगतो. म्हणून सगळ्यांना पत्र द्यायचं. माझा स्वीय सहायक शांताराम भराभर टाइप करायचा, 'सदर अर्जाचा सहानुभूतीपूर्वक विचार व्हावा', आणि मी भराभर सह्या करायचो. पण एकाच नोकरीसाठी सातजणांना पत्र दिलं की साहेब लोकांनी कोणाचं ऐकायचं? म्हणून पहिल्याच वर्षी मी तालुक्याच्या आणि जिल्ह्याच्या अधिकाऱ्यांना एकेकाला घरी जेवायला बोलावून खूण सांगून ठेवली. माझ्या सहीखाली रेघ असेल तर ते काम मनावर घ्या. रेघ नसेल तर त्या माणसाला खुर्ची द्या, चहा द्या, बघतो म्हणा आणि पत्र फायलीला लावून टाका. अधिकारी खूश झाले. त्यांचंही काम सोपं झालं. ओट्यावरून उठून जाणारा प्रत्येक माणूस पत्राची घडी छातीशी धरून जायचा आणि त्याला माहीत नसायचं की त्याच्या हातात काम आहे की नुसता चहा आहे. मला याचं तेव्हा काही वाटत नसे. उलट हुशारी वाटायची. सह्या मी गाडीच्या बॉनेटवर करायचो, चालता चालता करायचो, कोणाच्या पाठीवर कागद ठेवून करायचो, आणि रेघ मारलीच तर ती अशी फर्रकन, डावीकडून वर उडालेली, कधी नावातूनच आरपार गेलेली.

कुमुदिनीच्या पत्रावर रेघ असणार. जागा मिळाली म्हणजे होतीच. रविवारी मेट्रोत बसेपर्यंत मी स्वतःला हे इतक्यांदा सांगितलं की मला ती मुलगी आठवायलाही लागली होती. दोन वेण्या, हातात गुणपत्रिका. हौज खासला गाडी बदलली, राजीव चौकला बदलली. चंदाने डब्यात तिळाची चटणी घेतली होती. यमुना ओलांडली तेव्हा ऊन डब्यात आलं आणि तिने डोळे मिटून घेतले. चंदा तीस वर्षं प्राथमिक शाळेत शिक्षिका होती. मी आमदार झाल्यावर लोक म्हणाले, आता बाईंनी नोकरी सोडावी. ती म्हणाली, तुमची नोकरी पाच वर्षांची आहे, माझी अठ्ठावन्नपर्यंत आहे. सकाळची शाळा करून बाराला घरी यायची, ओट्यावर उरलेल्या माणसांना चहा द्यायची. राजकारणावर ती कधी बोलली नाही. भाषणात मी तिचा उल्लेख 'माझ्या पाठीशी खंबीरपणे उभी' असा करायचो आणि ती पुढच्या रांगेत जांभई दाबायची. शेवटचं स्टेशन वैशाली, अशी घोषणा झाली. ते नाव ऐकलं की मला दर वेळी बरं वाटतं; भगवान बुद्धांच्या पायाखालचं नाव मेट्रोच्या पाटीवर आहे आणि गाझियाबादचे लोक तिथून भाजी घेऊन घरी जातात. चंदाने डोळे उघडले आणि म्हणाली, तिथे जास्त बोलू नका, त्या पोरीला बोलू द्या.

कुमुदिनीच्या आईने, शेवंताबाईने, दार उघडलं. या बाई बोरगव्हाणच्या आश्रमशाळेत स्वयंपाक करायच्या. मी जय भीम म्हणून हात जोडले आणि पुढे झालो. त्यांनी मला हात जोडले, पण बघत होत्या माझ्या खांद्यावरून मागे. मग मला बाजूला ठेवून, म्हणजे खरोखरच हाताने जरासं सरकवून, त्या चंदाकडे गेल्या आणि तिचे दोन्ही हात धरून उभ्या राहिल्या. "बाई, वळखलं का जी मले?" चंदा म्हणाली, "शेवंता, तुझे गुडघे कसे आहेत?" मला हे जरा लागलं. पाहुणा मी होतो. तालुक्यातल्या स्वयंपाकीणबाईच्या गुडघ्यांची चौकशी करण्याइतकी ओळख माझ्या बायकोला कधी झाली हा प्रश्न माझ्या मनात आला, आणि समोर वाटीत शेवयांची खीर आली म्हणून तो तिथेच राहिला. कुमुदिनी माझ्याशी पाण्याबद्दल बोलत होती, यमुनेच्या कुठल्या घाटावरून कसे नमुने घेतात ते. मी माझ्या काळातल्या हातपंपांबद्दल बोलत होतो. चंदाने सांगितलं होतं तरी जास्त बोलत होतो. आतून दोघी बायकांच्या हसण्याचा आवाज येत होता. मला इतकं छान वाटत होतं की मी दोनदा खीर घेतली. एक नाव मिळालं, आणि ते नाव असं समोर बसून वाढतंय, आणखी काय हवं माणसाला?

मग तिने भिंतीवरून फ्रेम काढून माझ्या मांडीवर ठेवली. तिने सांगितलं की अधिकारीसाहेबांनी पत्राच्या कोपऱ्यावरच 'प्रवेश द्यावा' लिहून ते वसतिगृहात पाठवलं, आणि चार वर्षांनी निघताना वॉर्डनबाईंनी ते तिला आठवण म्हणून देऊन टाकलं. माझं लेटरहेड, वर डावीकडे माझं नाव, रंग जरा विटलेला. खाली माझी सही. सहीखाली रेघ. मी चष्मा पुसला. ती रेघ सरळ होती. एकदम सरळ. माझ्या नावातल्या पहिल्या 'रा'खाली सुरू झालेली, शेवटच्या अक्षराखाली बरोबर संपलेली, आणि दोन्ही टोकांना पेन थांबवल्याचा बारीक ठिपका. अशी रेघ मी जन्मात मारली नाही. अशी रेघ पट्टी ठेवून मारतात. अशी रेघ मी हजार वेळा बघितली होती, मुलांच्या वह्यांमध्ये, तारखेखाली, कारण तारखेखाली पट्टीने रेघ नसेल तर चंदा वही तपासायला घ्यायची नाही. माझ्या मांडीवर ती फ्रेम जड झाली. आतून पुन्हा हसण्याचा आवाज आला. कुमुदिनी म्हणाली, "साहेब, सही अगदी तशीच करता का अजून?" मी म्हटलं, "हो. सही माझीच आहे." हे खरे होते.

आणि मग, खीर खाऊन बसल्याजागी, मला खरोखर आठवायला लागलं. दोन हजार तीनचा जून. त्या वसतिगृहात आमच्या तालुक्यासाठी एकच जागा उरली होती. हरिदास माझा खंदा कार्यकर्ता, एका मोठ्या गावाची सगळी मतं त्याच्या शब्दावर. त्याला त्याच्या पुतणीसाठी, राधासाठी, ती जागा हवी होती. मी त्याला रेघेचं पत्र दिलं. त्याच सकाळी आणखी कोणी कोणी आली होती, त्यांना बिनरेघेची दिली. पंधरा दिवसांनी हरिदास तणतणत आला, जागा दुसरीलाच गेली म्हणून. मी अधिकाऱ्याला फोनवर झापलं. तो बिचारा म्हणाला, साहेब, रेघेची दोन पत्रं आली, मग मी मार्क बघितले. मला वाटलं घाईत माझाच हात गेला असेल. हरिदासला तसं सांगितलं. त्याचा विश्वास बसला नाही. तो वरवर गोड राहिला, दोन हजार चारला मतंही दिली, आणि दोन हजार नऊला त्याने गाव फिरवलं. मी तीनशे एकोणनव्वद मतांनी पडलो. मंत्रिपदाची कुजबुज होती माझ्या नावाची, अंशतः खरी. सोळा वर्षं मी विचार करत होतो की हरिदास का फिरला, कोणी फोडला, कोण माझ्या मागे लागलं होतं. माझ्या घरात कोणीतरी विरोधकांचं आहे असाही मला एकदा संशय आला होता आणि मी शांतारामवर पाळत ठेवली होती. आणि ती व्यक्ती रोज दुपारी माझ्या ताटात भाकरी वाढत होती.

परतीच्या मेट्रोत ज्येष्ठांच्या जागेवर आम्ही दोघं शेजारी बसलो. मला राग आला होता. राग आला होता आणि काखेत गुदगुल्या झाल्यासारखंही होत होतं, आणि यातलं आधी कशाला वाट द्यावी हे मला कळत नव्हतं. शेवंताबाईंनी दिलेलं लोणचं चंदाच्या मांडीवर होतं. यमुना बँक गेलं. इंद्रप्रस्थ गेलं. अधिकाऱ्यांना मी खूण सांगितली ती जेवताना, चंदा वाढत असताना. वाढणाऱ्या बाईला ऐकू येत नाही असं मी आणि ते अधिकारी, दोघेही धरून चाललो होतो. सह्या झालेली पत्रं शिक्क्यासाठी दुपारपर्यंत टेबलावर पेपरवेटखाली पडलेली असायची. बारा वाजता शाळा सुटायची. सगळं इतकं उघड होतं की मला माझीच कीव आली. राजीव चौकला गाडी बदलून बसल्यावर मी सरळ समोर बघत विचारलं, "पट्टी कुठली होती?"

चंदाने विचारलं नाही की कसली पट्टी. म्हणाली, "शाळेतली. लाकडी."

"किती पत्रांवर?"

"महिन्याला दोन-तीन. जास्त मारल्या असत्या तर तुमच्या लक्षात आलं असतं. ओट्यावर चहा देताना मी अर्ज वाचायची. तुम्ही वाचत नव्हता."

"शांतारामला माहीत होतं?"

"शिक्का तोच मारायचा ना."

हे मला सगळ्यांत जास्त झोंबलं. मग मी तिला हरिदासचं सांगितलं, हळू आवाजात, तीनशे एकोणनव्वदपर्यंत. ती ऐकत होती. लोककल्याण मार्ग गेलं, जोरबाग गेलं. खिडकीच्या काळ्या काचेत आमची दोन म्हातारी डोकी हलत होती. ती म्हणाली, "मला माहीत होतं. निकालाच्या दिवशीच कळलं होतं. त्या रात्री मी रडले ते खोटं नव्हतं. पण ते पत्र परत समोर आलं तर मी परत मारीन. चौऱ्याऐंशी टक्के होते त्या पोरीचे, आणि तुम्ही तिला चहा पाजून परत पाठवणार होतात." एवढं बोलून तिने लोणच्याची पिशवी या हातातून त्या हातात घेतली. आणि मला हसू फुटलं. एम्स स्टेशनवर जे फुटलं ते हौज खासपर्यंत थांबेना. समोरची मुलं मोबाइलमधून डोकी वर काढून बघायला लागली. माझ्या दोन टर्ममध्ये जे काम मी केलं असं मला वाटत होतं त्यातलं कुठलं माझं आणि कुठलं लाकडी पट्टीचं, हे आता कोणत्याच चौकशी समितीला सापडणार नव्हतं. आणि तरी कुठेतरी, बोरगव्हाणच्या, सावळखेडच्या कुठल्या कुठल्या घरांत माणसं बसलेली होती ज्यांचं काम झालं होतं आणि म्हणून जी परत आली नव्हती. मला त्या सगळ्यांबद्दल एकदम माया वाटली. राधाबद्दलही. ती आता गावची सरपंच आहे आणि पत्रं देते असं ऐकतो. चंदाने माझी बाही ओढली.

घरी पोचलो तेव्हा श्रावस्ती जमिनीवर तक्ता पसरून बसली होती. वर मध्यभागी माझा फोटो चिकटवलेला, फेटा बांधलेला, निवडणुकीच्या पोस्टरवरचा. तिसऱ्या प्रश्नापुढे जागा कोरी. मी चप्पल काढायच्या आत म्हणालो, लिही, कुमुदिनी. मग सोफ्यावर बसून सांगितलं आणि तिने तिच्या इंग्रजीत ते उतरवलं. मुलीला वसतिगृहात जागा मिळाली, ती आता नदीचं पाणी तपासते, पत्र आबांनी दिलं आणि काम आजीने केलं. शेवटच्या वाक्याला ती थांबली. "आजीने? पर आबा, एमएलए तो तुम्ही होते ना?" मी म्हटलं, हो, मी होतो, तू लिही. मग तिने स्केचपेन पुढे केलं, सही करा. मी सही केली. हात सवयीने खाली उडायला निघाला होता, फर्रकन. मी तो थांबवला. पेनाचं टोपण लावलं, तक्ता उचलला आणि स्वयंपाकघरात, लोणचं बरणीत भरत असलेल्या चंदापुढे धरला. म्हटलं, "खाली रेघ तेवढी राहिलीय."

तिने माझ्याकडे बघितलं. मग हात धुतले, पुसले, चष्मा लावला आणि तक्ता ओट्यावर ठेवून वाचायला लागली. पहिल्या ओळीपासून. मला वाटलं होतं ती हसेल आणि मारून टाकेल. ती वाचत होती आणि मी दाराशी उभा होतो, एकदा या पायावर, एकदा त्या पायावर. किती माणसं माझ्या ओट्यावर अशी उभी राहिली असतील, ते त्या दोन मिनिटांत माझ्या पायांना कळलं. रस्त्यांपाशी ती थांबली. "चौदा?" मी म्हटलं, तीन नुसते मंजूर झाले होते. श्रावस्तीने व्हाइटनर आणून अकरा केलं. ती पुढे वाचत गेली. तिसऱ्या उत्तरावर पुष्कळ वेळ राहिली. चष्मा काढून पदराने पुसला, परत लावला. मग श्रावस्तीला म्हणाली, इथे तिचे मार्क लिही, चौऱ्याऐंशी टक्के. काम मीही नाही केलं. जागा तिच्या मार्कांनी तिची होती, आपण फक्त ती दुसऱ्याला जाऊ दिली नाही. श्रावस्तीने समासात, कशीबशी जागा करून, तेही लिहिलं. चंदाने ते पुन्हा वाचलं.

"आता हे अंशतः खरं आहे," ती म्हणाली. "पट्टी आणा."

श्रावस्ती उठायला लागली, पण मीच गेलो. तिच्या कंपासपेटीतून प्लॅस्टिकची पट्टी शोधून काढली, सदऱ्याला पुसली आणि आणून चंदाच्या हातात दिली.